नाळे

पिशवी एकच. तीत फाईल, पाण्याची बाटली,
टोपी, दोन लिंबं,
आणि गुंडाळलेला स्वयंपाकघराचा नकाशा.
त्यामुळं झालं असं की तिसऱ्या सायकलला
मी डॉक्टरीणबाईंपुढं रिपोर्ट म्हणून नकाशाच सरकवला.
त्यांनी चष्मा वर केला. बघत राहिल्या.
म्हणाल्या, मोरी इतकी शेगडीजवळ कशाला?
मी म्हटलं, तेच तर इंजिनिअरला सांगतेय चार महिने.

खानापूर ते बेळगाव, लाल बस, सकाळी सव्वासात.
पाटी कानडी. कंडक्टर तिकीट कानडीत फाडतो,
सुट्टे नाहीत हे मराठीत सांगतो.
काउंटरवर नंबर पुकारतात, मूवत्तेळु,
आणि आम्ही तिघीचौघी एकदम उठतो,
कुणाचा सदतीस, कुणाचा सत्तावीस.

सुई छातीतल्या पोर्टात. चार तास.
तोंडात खिळा धरल्यासारखी चव.
शेजारच्या खुर्चीत गोकाकच्या शिवक्का
नकाशाकडं हनुवटी करतात, मनी कट्टाकत्तीरेन्री?
घर नाही हो, मी म्हणते, अडगी मनी तेवढी.
त्या मान हलवतात. तेच तर घर.

इनास म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.
पुढच्या वर्षी हे तो मऊ करून म्हणतो,
आजाऱ्याला पेज द्यावी तसं.
मला पेज नको. मला बेसिनच्या वर खिडकी पाहिजे,
चार बाय तीन, सळ्या उभ्या,
म्हणजे भांडी घासताना फणस दिसेल
आणि फणसाखाली कोण कुणाशी बोलतंय तेही.

गवंडी गुरुसिद्ध. फोन केला की एकच उत्तर,
नाळे बर्तेन्री. उद्या येतो.
श्रावणात नाळे. गणपती गेले, नाळे.
आधी मी चिडायची. वाळूचा ढीग दारात,
गल्लीतली मांजरं हक्कानं येऊन जायची.
आता केस गेल्यावर, नखं काळी पडल्यावर,
इतक्या बेफिकिरीनं मला उद्या देणारा
गावात तोच एक उरलाय.
बाकीचे सगळे विचारतात, आज कसं वाटतंय.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये नाताळची तालीम.
मी आल्टोत, डावीकडून दुसरी.
आल्टोची चाल घरी जाताना कुणी गुणगुणत नाही.
नसली की मात्र म्हणतात, आज काहीतरी कमी होतं,
मीठ की काय.

चौथ्या सायकलनंतर मला ओळ पुरेना.
सूर आठ मात्रांचा, मी पाचवीलाच रिकामी.
पास्कू मास्तरांनी हार्मोनियम थांबवलं
(त्याची एक पट्टी कायमची बसलीय,
तिथं ते तोंडानं सूर भरतात),
म्हणाले, श्वास सगळ्यांनाच लागतो, फिलू.
फक्त शेजारणीबरोबर घ्यायचा नाही.
ती घेईल तेव्हा तू धर, तू घेशील तेव्हा ती.
ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, कुणी थांबलंच नाही.

तेव्हापासून लुदोविना माझ्याकडं न बघता गाते.
मी सुटले की तिचा आवाज किंचित जाड होतो. एवढंच.
बाहेर आल्यावर त्याबद्दल अवाक्षर नाही,
हळदीची पानं पाहिजेत का, विचारते.

काल रात्री औषधानं झोप उडवली.
तीन वाजता गाऊनवर स्वेटर चढवून
मागच्या भिंतीवर खडूनं खिडकी काढली.
मग वाटलं, उंच झाली. डावा हात आता
खांद्याच्या वर जात नाही.
पुसून चार बोटं खाली घेतली.
इनास कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
बराच वेळ बघून म्हणाला, सळ्या आडव्या घे.
मी म्हटलं, आडव्यांवर मांजर चढतं.
म्हणाला, चढू दे की.

सकाळी फोन लावला. गुरुसिद्ध काही बोलायच्या आत
मीच म्हटलं, नाळे?
पलीकडे जरा शांतता.
इल्ल अक्का, इवत्त.
आजच येतो, संध्याकाळी. विटा भिजवून ठेवा.

आणि आज नेमका गुरुवार.